धवलारणीची अर्धशिशी

पेणकरपाड्यात लग्नाची तारीख धरायची तर आधी भटजीला विचारत, मग हॉलवाल्याला विचारत, आणि मग कुणीतरी लक्ष्मीच्या ओट्याशी येऊन हसत हसत विचारी, "काय गो धवलारनी, डोकं कसं हाय?"

विचारणं हसण्यावारी असे, पण विचारावं लागे. कारण भटजीचं लग्न ते अंतरपाटापुरतं. त्याच्या आधीचं सगळं धवलारणीच्या गळ्यावर चालतं. मांडवाची मेढ रोवायची तर तिचा धवला, म्हणजे लग्नातलं गाणं, हवा, हळद दळायची तर हवा, नवरीला न्हाऊ घालायचं तर हवा. ती म्हणते तेव्हा हळदीचा हात उचलायचा, ती थांबली की थांबायचा. देवांना आवतण तीच देते. मेलेल्या आज्या-पणज्यांना नावानिशी हाका मारून मांडवात तीच आणून बसवते. लक्ष्मीला हे धवले तिच्या आत्याकडून आले होते. कागदावर एक ओळ नव्हती, सगळं पोटात.

नवरा, महिपत, कावीळ होऊन गेला तेव्हा लेक शालू अजून पाटीवर अक्षरं गिरवत होती. त्या दिवसापासून लक्ष्मीला कुठल्या सवाष्णींच्या ओळीत जागा उरली नाही. ओटी भरताना ती मागे सरे, कुंकवाचं तबक फिरताना कामाला उठून जाई. पण धवलारणीला कुणी सवाष्ण आहेस का म्हणून विचारत नाही. तिचा पाट नवरीच्या शेजारी, मांडवाच्या मधोमध. तिथे बसली की ती विधवा नव्हती, कुणीच नव्हती, नुसता आवाज होती. म्हणून तर डोकं दुखायला लागलं की तिला दुखण्यापेक्षा भीती जास्त वाटे.

दुखणं जुनं होतं. आधी उजव्या भुवईत मुंगी चालल्यासारखं होई. मग मिठागरावर दुपारचं ऊन पडलं की डोळ्यांच्या कडांना जशी चमचम नाचते, तशी नाचू लागे. ती दिसली की लक्ष्मी हातातलं काम ठेवून देई. आता अर्धं डोकं आपलं आणि अर्धं दुसऱ्या कुणाचं. त्या दुसऱ्या अर्ध्यात कुणीतरी खुंटा ठोकत बसे. उजेड चालत नसे, भांड्याचा आवाज चालत नसे, आणि वास तर मुळीच नाही. मागच्या तांदळाच्या कोठीत कांबळं अंथरून ती भिंतीकडे तोंड करून पडे, आणि शालू दाराबाहेर पायाच्या बोटांवर चाले.

उपाय काय कमी केले? दिवस उगवायच्या आत दुधात जिलेबी बुडवून खाल्ली. सुंठ उगाळून कपाळाला थापली. शेजारची नणंद सुलू म्हणायची, "वयनी, खरं सांग गो, जिलेबी खायाला मिलते म्हनून डोकं दुखवतस ना?"

"तुजं डोकं दुखलं तं तुला पन दीन," लक्ष्मी म्हणे.

"माजं कसं दुखंल? त्याला आत कायतरी लागतं."

आणि दोघी हसत.

शेवटी शालूने तिला काशीमीऱ्याच्या एका डॉक्टरकडे नेलं. शालू मीरा रोडला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसत असे, बँकांचे फॉर्म भरत असे. डॉक्टर भला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांत बत्ती टाकून पाहिलं आणि रोजची एक गोळी लिहून दिली, दुखो अथवा न दुखो घ्यायची. गोळीने दुखणं उतरलं, यात खोटं नाही. पण हळूहळू तिच्या तोंडातले शब्द सांडायला लागले. "शालू, ते दे गो, ते... ढवलायचं..." पळी हा शब्द समोर लटकलेला असे आणि हाताला लागत नसे. घरात ते हसून निघालं. मांडवात निघालं नाही.

शेजारच्या पाड्यात एका मुलीची पाठवणी होती. लक्ष्मी पाटावर बसली होती, बायका तिच्यामागे ओळ धरत होत्या, आणि ती म्हणाली,

*मिठाचा खडा माजा गो पान्याला दिला...*

बायकांनी ओळ धरली. पुढची ओळ आली नाही. लक्ष्मीने परत म्हटलं, मिठाचा खडा माजा गो पान्याला दिला. बायकांनी परत धरलं. तिसऱ्या वेळी बायका गप्प राहिल्या आणि तिच्या तोंडाकडे बघू लागल्या. नवरी रडायची थांबून बघू लागली. मग मागून एक दात पडलेली म्हातारी बोलली, गायली नाही, नुसती बोलली,

*दिसंना डोल्याला, चवीला उरला.*

लक्ष्मी घरी आली ती कुणाशी न बोलता. शालूने पाण्याचा तांब्या दिला तेव्हा म्हणाली, "बाय, डोकं दुखलेलं चालंल. हे नको."

"आये, डॉक्टरला सांगू. तो दुसरी देईल."

"गाना गेला तं मी कोन गो? सांग. तुज्या लग्नात मना कुठं बसवशील? मागं, राशनच्या गोनींजवल?"

शालूचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. मुलगा यतीन, आपल्यातलाच. त्यांच्या घरच्यांनी जमीन विकून सिल्व्हर पार्कात फ्लॅट घेतला होता. शालूला ठाऊक होतं, आईने तिच्या लग्नाचा धवला ती पाळण्यात होती तेव्हापासून जुळवत आणला होता. कुणाच्या लग्नात तो म्हटला नव्हता. त्यात मिठागर होतं, महिपतचं नाव होतं, शालूचे लहानपणीचे हट्ट होते. भाताच्या चुलीशी बसून लक्ष्मी कधी कधी तो ओठांतल्या ओठांत म्हणे आणि शालू आली की मोठ्याने खोकून थांबे.

डॉक्टरने गोळी कमी करत करत बंद केली. म्हणाला, काही जणांना होतं असं, दुसरं औषध बघू. मध्ये शालू ऑफिस सुटल्यावर सायबरमध्ये जाऊन बसली आणि काही नावं उतरवून घेऊन परत त्याच्याकडे गेली. त्याने वाचलं. म्हणाला, "घेऊ दे. यातल्या पहिल्या दोन मीही सांगतो कधी कधी. तिसऱ्याचं मला फार ठाऊक नाही, पण त्रास झाला तर थांबवा. जादू नाही हं ही. नेमाने घ्यायचं, जेवणखाण वेळेवर, उपास नाही. तीनेक महिने गेल्यावर बोलू."

शालूने तीन बाटल्या आणून आईपुढे मांडल्या.

"ही मॅग्नेशियमची. ही व्हिटॅमिनची, बी टू. आणि ही कॅप्सूल, झाडपाल्याची. शेवंतीच्या जातीचं एक विलायती झाड असतं, त्याचा पाला."

लक्ष्मीने कॅप्सूल उजेडात धरून बघितली. "शेवती डोक्यात घालतात गो. पोटात कोन घालतो?"

"तू घालणार. रोज."

"मंग वेनी आतून लागंल तं लागंल." लक्ष्मीने कॅप्सूल गिळली आणि मॅग्नेशियमची गोळी हातात घेऊन म्हणाली, "ही मानसाची हाय का म्हशीची?"

शालू हसत सुटली. त्या व्हिटॅमिनची गोळी कशी आहे, तिने काय होतं, हे सगळं ती सांगायला निघाली होती, पण हसण्यात आणि मग दारात आलेल्या सुलूच्या बडबडीत ते राहून गेलं.

पहिला महिना तसाच गेला. लक्ष्मी दोनदा कोठीत पडली. सुलू म्हणाली, "दुकानदाराचं डोकं बरं झालं असंल, तुजं न्हाय." पण लक्ष्मी नेम सोडणारी नव्हती. नेम तिच्या अंगात होता, ज्या बाईने शंभर लग्नांचे धवले पोटात ठेवलेत तिला तीन गोळ्यांचं काय. सकाळी भाकर खाऊन घेई. ऊन चढायच्या आत पाणी भरून ठेवी. आणि होळी झाल्यावर एक दिवस तिच्या लक्षात आलं की बरेच दिवस आपण कोठीचं दार लावलेलं नाही. मुंगी चालली होती एकदोनदा, पण चालून निघून गेली. शब्दही जागेवर होते. पळी पळीच होती. चुलीशी तिने सगळा धवला मनातल्या मनात म्हणून बघितला, मेढीपासून पाठवणीपर्यंत. कुठे ओळ अडली नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि शालूने विचारलं तेव्हा म्हणाली, "धूर गेला गो."

लग्नाला आठवडा राहिला तेव्हा घरामागचा नवा संडास बांधून झाला. जुना होता तो काळ्या फरशीचा, पत्र्याच्या दाराचा, आत दिवसाही नीट दिसत नसे. पण फ्लॅटमधली माणसं येणार, त्यांच्या बायका येणार, म्हणून लक्ष्मीने पांढऱ्या टाइल्स लावून घेतल्या, पांढरंशुभ्र भांडं बसवून घेतलं, वर ट्यूबलाइट. सुलू बघायला आली आणि म्हणाली, "वयनी, हितं तं जेवायला पन बसता येल."

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मी त्यात गेली, आणि तिने बघितलं.

पिवळं. साधं पिवळं नाही, झेंडूसारखं, पेटल्यासारखं पिवळं. पांढऱ्या भांड्यात ते असं उठून दिसत होतं की तिने घाईने पाणी ओतलं. दुपारी परत तेच. महिपतचं असंच सुरू झालं होतं. तोही हसला होता आधी, "उन्हाचं गो," म्हणाला होता. मग डोळे पिवळे झाले, मग नखं, मग हॉस्पिटलात नेलं आणि तिथून तो आला नाही. त्याला काविळीची मुळी देणाऱ्या राघोकडे न नेता इंजेक्शनं दिली म्हणून गेला, असं पाडा आजवर म्हणत होता. लक्ष्मीही तसंच समजत आली होती.

तिने कुणाला सांगावं? शालूला सांगितलं तर ती लग्न पुढे ढकलेल, दवाखान्यात घेऊन बसेल. वैशाख उलटला की यतीनकडच्यांना मुहूर्त चालत नव्हता. आणि मुलीच्या घरात कावीळ आहे हे त्यांच्या कानावर गेलं तर? पाण्याचा पेला तरी घेतील का ते त्या घरात? शिवाय पाड्यात मानत की कावीळवाल्याने हळदीला हात लावू नये, त्याच्या सावलीतून गेलेली हळद नवरीला बाधते. सुलूला नुसता वास लागला असता तरी तिने पहिलं काम केलं असतं ते धवलारणीचा पाट उचलण्याचं. दुसरी कुणीतरी बोलवा, म्हणाली असती. तीही प्रेमानेच म्हणाली असती.

लक्ष्मीने चपला घातल्या आणि खाडीच्या अंगाला राहणाऱ्या राघोकडे गेली. राघो काविळीचं औषध देई, त्याच्या बापानेही दिलं होतं. त्याने तिची पापणी खाली ओढून बघितली.

"डोले तं पांढरे हायत."

"पन लगवी बगशील तं हलद कालवली वाटंल."

राघोने विचार केला. "मंग लवकर आलीस. डोल्यांत चढली न्हाय अजून. महिपतला तसा लवकर आनला असता तं..." तो थांबला. लक्ष्मी जमिनीकडे बघत होती. त्याने शेळीच्या दुधात मुळी उगाळून तिला पाजली आणि पथ्य सांगितलं. तेल नाही, मीठ नाही, मसाला नाही, भाकरसुद्धा नाही. उसाचा रस आणि भाताची पेज, तीही एक वेळ.

"आनि दुसरं काय घेतस का? डॉक्टरचं, बिक्टरचं?"

"डोक्याच्या गोल्या घेते. शालूनं आनल्यात."

"त्या बंद. एका पोटात दोन वैद नांदत न्हाईत."

लक्ष्मीने मान हलवली. डोक्याची भीती तिला वाटली, नाही असं नाही. पण डोकं नुसतं दुखवतं, कावीळ माणूस नेते. आणि कावीळ लपवायची होती, डोकं काय, सगळ्यांना ठाऊकच होतं.

त्या दिवसापासून तिन्ही बाटल्या तशाच राहिल्या. शालू खरेदीच्या पिशव्या खाली ठेवता ठेवता विचारी, "आये, गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या गो."

"जेवलीस?"

"तुज्या आधी."

पाहुणे यायला लागले होते, मोठाली पातेली चढली होती, कोण किती जेवतंय हे बघायला कुणाला वेळ नव्हता. लक्ष्मी पेज पिऊन पाहुण्यांना मटण वाढत होती. आणि दोनच दिवसांनी नव्या संडासात तिने बघितलं तर पाण्यासारखं स्वच्छ. ती तिथेच उभी राहून हसली. मग तिला रडू आलं. महिपतला मिळालं नव्हतं ते आपल्याला मिळालं, वेळेत. देवाने पाट राखला. मुळीचे दिवस भरेपर्यंत मात्र पथ्य मोडायचं नाही, असं राघोने बजावलं होतं. तिने मोडलं नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवाची मेढ रोवायची होती. बायका नव्या लुगड्यांत जमल्या. लक्ष्मीने पाट मांडला, बसली, पदर सारखा केला. अंगात जोर नव्हता, पण गळा मोकळा होता. तिने देवांना आवतण दिलं. पाण्याच्या देवाला, मिठागराच्या देवाला, सीमेवरच्या देवाला. मग पितरांना हाका मारायला लागली. आत्याला हाक मारली, सासूला मारली. महिपतचं नाव घेण्यासाठी तोंड उघडलं आणि समोर बसलेल्या सुलूच्या नथीच्या कडेला चमचम नाचली.

ती थांबली. बायकांना वाटलं, नवऱ्याचं नाव घेताना गळा भरला. कुणीतरी हुंदका दिला. लक्ष्मीने परत श्वास घेतला. चमचम वाढत वाढत मांडवभर पसरली. उजव्या भुवईत मुंगी नव्हती या वेळी, एकदम खुंटाच होता. महिपतचं नाव तिच्या तोंडून निघालं, पण गाण्यात नाही, कण्हण्यात निघालं. सुलू उठली आणि तिला धरून आत घेऊन गेली.

कोठीत पाहुण्यांच्या बॅगा होत्या. त्या बाहेर काढून कांबळं अंथरलं. दाराला चादर लावली. सुलू कानाशी वाकून म्हणाली, "वयनी, उठशील ना गो संध्याकालपर्यंत? मी सांबालते तवर."

लक्ष्मीने हात हलवला. बोलली तर ओकारी आली असती.

बाहेर सुलूने धवला धरला. अर्ध्या ओळी तिला येत होत्या, अर्ध्या ती जुळवत होती, बायका हसून साथ देत होत्या. मग कुणाला तरी वाटलं, असं कसं लग्न, आणि यतीनच्या भावाने सीडी आणून लावली. बँजो सुरू झाला. त्याच्या प्रत्येक ठोक्याला कोठीतला खुंटा आत जात होता. लक्ष्मी भिंतीला कपाळ लावून पडली होती. भिंत थोडी गार होती. हळद लागत होती तिथे बाहेर, तिच्या लेकीला, आणि हात कधी उचलायचा नि कधी थांबवायचा हे कुणी सांगत नव्हतं. तिने मनात धवला धरायचा प्रयत्न केला. निदान मनात तरी. पण त्या अर्ध्या डोक्यात जागा नव्हती आणि दुसऱ्या अर्ध्याला उचलवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही ती उठली नाही. शालूने डॉक्टरला फोन केला. त्याने सांगितलेली गोळी कुणीतरी आणली, लक्ष्मीने घेतली, ती पोटात राहिली नाही. लग्न दारातल्याच मांडवात लागलं. अक्षता पडल्याचा आवाज तिने ऐकला, आणि फटाके.

मग चादर हलली. उजेड आत आला आणि उजेडाबरोबर शालू. हिरव्या साडीची जर, कपाळावरचे मोती, बांगड्या. हळद, मोगरा, केसांवर मारलेला फवारा, अंगाचा घाम, सगळं एकदम कोठीत शिरलं. शालू गुडघ्यांवर बसली आणि तिने आईच्या गळ्यात हात टाकायला पुढे वाकून म्हटलं, "आये, मी जातेय."

लक्ष्मीच्या पोटातून उसळी आली. तिने हात पुढे केला, तो लेकीला जवळ घ्यायला नव्हे. "लांब र्‍हा गो," ती म्हणाली. "तुजा वास..." आणि भिंतीकडे तोंड करून ओकली. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी.

बांगड्या वाजू नयेत म्हणून शालूने दोन्ही हातांनी एकमेकांची मनगटं आवळून धरली, उठली आणि पायाच्या बोटांवर बाहेर गेली. पाठवणीचं गाणं कुणीच म्हटलं नाही. गाडीचा हॉर्न वाजला, तेवढंच.

पाचपरतावणाला शालू माहेरी आली. यतीन ओट्यावर चहा पीत सुलूची थट्टा सोसत बसला होता. "जावई, आमची पोर देताना मोजून दिली हो, परत आनताना वजनात कमी भरली तं घेनार न्हाय." आत लक्ष्मी तांदूळ निवडत होती. दुखणं उतरलं होतं, तोंड मात्र अजून उतरलेलं. शालू तिच्या समोर बसून तिच्याबरोबर खडे वेचायला लागली.

"रागावलीस ना गो मना," लक्ष्मी म्हणाली.

"नाही आये."

"बोललं न्हाय तं बरं वाटनार न्हाय मना. सगल्यांना वाटलं, धवलारनीनं लेकीच्याच लग्नात दगा दिला. पन मी तुजं लग्न राखलं, शालू. तुला ठाव न्हाय." आणि तिने आवाज बारीक करून सगळं सांगितलं. पांढरं भांडं, पिवळं, राघो, मुळी, पथ्य. सांगताना तिचा चेहरा उजळत गेला. "दोन दिसांत उतरली बग. दोन दिसांत. डोल्यांत चढूच दिली न्हाय."

शालूचा हात सुपात थांबला होता.

"आये, आणि गोळ्या?"

"त्या बंद केल्या. राघो बोलला."

"म्हणून उतरलं," शालू म्हणाली. "आये, ते पिवळं त्या गोळीनेच होतं. बी टूच्या. जास्तीचं बाहेर टाकतं शरीर. काही नसतं ते. सगळ्यांचं होतं. माझंपण होतं रोज."

बाहेर सुलू कशावरून तरी खदखदून हसत होती. सुपातला एक खडा लक्ष्मीने उचलला, बाजूला टाकला. दुसरा उचलला. मग तिचा हात हवेतच राहिला.

"तुजं?"

शालूने मान खाली घातली.

"तुजं कशाला व्हतं गो पिवलं? तू कशाला घेतस त्या गोल्या?"

"दुखतं माझंपण." शालू पुटपुटली. "बारावीपासून. उजवीकडेच. म्हणून तर वाचलं मी सगळं. तुला सांगितलं नाही, म्हटलं तुला स्वतःचंच कमी आहे का."

लक्ष्मीने सूप खाली ठेवलं. तिने शालूची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि उजव्या भुवईवर अंगठा ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला, ताप आहे का बघतात तसा. तेवढ्या स्पर्शाने शालूचे डोळे भरून आले. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. तिच्या केसांत अजून हळदीचा पिवळेपणा होता मुळाशी.

मांडीवरूनच शालू म्हणाली, "आये, माझा धवला म्हण ना. आता म्हण. मी ऐकते."

लक्ष्मीचे ओठ हलले. ओळी होत्या, सगळ्या होत्या, जागच्या जागी. तिने तोंड मिटून घेतलं.

"नवरीचा असतो गो धवला," ती म्हणाली. "नवरी गेली."

लक्ष्मी तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली, कानामागून मानेपर्यंत, परत कानामागून मानेपर्यंत. यतीनने ओट्यावरून हाक मारली की निघायला हवं, ऊन वाढेल. शालू उठून बसली आणि पदराने तोंड पुसायला लागली.

"शालू," लक्ष्मीने विचारलं, "तुज्या त्या फ्लॅटमदे कुठं कालोख व्हतो का गो?"

शालूने थोडा विचार केला.

"नाही आये," ती म्हणाली. "सगळीकडे खिडक्या आहेत."